फलकावरचे हात माझे आहेत

आधी दिवस आणि जबाबदार पदे नोंदवतो. उभे आयुष्य दिवाणी न्यायालयात, न्यायाधीशांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसून मी दुसऱ्यांच्या कैफियती क्रमाने लावल्या. स्वतःची कैफियत विस्कळीत मांडणे मला जमणार नाही.

संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार. या दिवशी एका संशोधन प्रकल्पाच्या संमतीपत्रावर माझा अंगठा घेण्यात आला. आतला मजकूर मला वाचून दाखवण्यात आला नाही. जबाबदार: प्रकल्पाचे मुख्य संशोधक.

त्याच वर्षीचा होळीचा आठवडा. प्रकल्पातल्या औषधांची सरमिसळ झाल्याचे मुख्य संशोधकांना तोंडी आणि लेखी कळवण्यात आले. त्यांनी प्रकल्प तसाच पुढे रेटला. जबाबदार: तेच.

गणपती विसर्जनानंतरचा गुरुवार. वॉर्डाला कुलूप. अनुदानाचा पुढचा हप्ता आला नाही, एवढेच कारण कानावर आले. जबाबदार: हप्ता रोखणारे सरकारी खाते, आणि तो का रोखला हे न सांगणारे खाते. ही दोन खाती नव्हेत, एकच आहे.

पुढच्या वर्षीच्या नवरात्रातला आरोग्य मेळावा. माझ्या दोन्ही हातांची छायाचित्रे, माझी परवानगी न घेता, ‘यशस्वी संशोधन’ या शब्दांखाली जाहीर फलकावर लावण्यात आली. जबाबदार: मुख्य संशोधक आणि खाते, संयुक्तपणे.

नावे मी दिलेली नाहीत. माणसे बदलतात, बदलीवर जातात, निवृत्त होतात. खुर्ची कुठे जात नाही. आज त्या खुर्चीत जो बसला असेल त्याने उत्तर द्यावे.

आता आजाराकडे येतो. कारण हे लिहिण्याचा दुसरा हेतू असा, की ज्यांच्या बोटांच्या पेरांत पहाटे निखारे पेटतात, त्यांनी माझ्या अनुभवातून उपयोगी असेल ते घ्यावे.

किल्ली

आमचे घर श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात. घराचे कुलूप जुने, पितळी. एका सकाळी मला किल्ली फिरवता येईना. जोर लावला, तर बोटे किल्लीवरून निसटली. मी कुलपाला तेल घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पत्नीने, सुलभेने, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि एका झटक्यात कुलूप उघडले.  मग ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

मग शर्टाची बटणे गेली. मग चहाचा कप. मग लेखणी. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी उतरवून घेतल्या, त्याला दुधाच्या हिशेबाच्या वहीत ‘दीड लिटर’ लिहिता येईना.

“कोर्टात एवढ्यांना शपथा दिल्यात,” सुलभा माझे बटण लावताना म्हणायची, “आता माझ्यासमोर उभे राहा आणि खरं सांगा, रात्री झोप लागली का?”

मी दरवेळी खोटी साक्ष देत असे.

तेले झाली, लेप झाले, ओळखीच्यांनी सांगितलेले पाले झाले. शेवटी नगरच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी माझी मूठ स्वतःच्या हातात घेऊन एकेक सांधा दाबला. मी ओरडलो नाही, पण पाय आपोआप उचलला गेला. रक्ताचा अहवाल आला त्या दिवशी त्या म्हणाल्या, “काका, हा म्हातारपणी गुडघे दुखतात तसला प्रकार नाही. हा आमवात. तुमचं शरीरच तुमच्या सांध्यांशी भांडतंय.”

“तडजोड होऊ शकते का?” मी विचारले.

त्या हसल्या. “तडजोड होते. निकाल लागत नाही.”

डॉक्टराकडून इतके प्रामाणिक वाक्य मी पूर्वी ऐकले नव्हते. त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. वार ठरला रविवार. यकृतावर लक्ष ठेवण्यासाठी रक्त वेळोवेळी तपासायचे, गोळी मनाने वाढवायची नाही आणि मनाने बंद करायची नाही. हा शेवटचा आदेश लक्षात ठेवावा. पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

त्या दिवशी परतताना श्रीरामपूरच्या एसटीत सुलभेने खिडकीकडे तोंड केले आणि राहुरी येईपर्यंत वळवले नाही. मला वाटले, तिला झोप लागली आहे. उतरताना पाहिले तर पदर ओला होता.

अंगठा

गोळीने उतार पडत होता, पण फार हळू. त्याच सुमारास वर्तमानपत्रात सूचना आली: आमवाताच्या रुग्णांवर आयुर्वेदिक औषधाचे संशोधन, शासकीय अनुदानातून, राहणे-जेवण-औषध मोफत. नगरमधल्या एका आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय होते.

मी गेलो तो स्वखुशीने, आणि आजही त्याचा मला पश्चात्ताप नाही. माझे मत तेव्हा होते तेच आज आहे. या देशातले घरोघरचे लोक ज्या औषधांवर विसंबतात, ती लागू पडतात की नाही हे तपासणे सरकारचे कर्तव्य आहे. त्यासाठी पैसा द्यावा, भरपूर द्यावा. ‘कशाला हवेत हे काढे-चाटण’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही मी विचारतो: तपासल्याशिवाय तुम्ही खोटे कसे ठरवले? आणि तपासल्याशिवाय खरे ठरवणाऱ्यांचा समाचार पुढे घेणारच आहे.

डॉक्टरबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “जा. पण रविवारची गोळी चालू ठेवायची, ही माझी अट.” प्रकल्पाचीही तीच अट होती. सगळ्या रुग्णांनी आपापल्या गोळ्या घ्यायच्या, वर प्रकल्पाच्या कॅप्सूल.

प्रवेशाच्या टेबलावरच्या लिपिकाने संमतीपत्र पुढे सरकवले. मी पेन धरायला गेलो. पेन टेबलावर पडले, तिथून जमिनीवर.

“राहू द्या बाबा,” तो म्हणाला आणि शाईचा पॅड पुढे केला. “अंगठा करा.”

किती जणांचे अंगठे मी आयुष्यात घेतले असतील! प्रत्येक वेळी ‘मजकूर वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे’ असे म्हटल्यावरच पॅड पुढे केला. मी म्हणालो, “वाचून दाखवा.”

“सरकारी कागद आहे बाबा. त्यात काय वाचायचं?”

अंगठा पाहिला की माणूस निरक्षर, आणि निरक्षर म्हटला की त्याला सांगण्याची गरज नाही, असे त्या टेबलावरचे कायदेशास्त्र होते. एरवी मी ते टेबल डोक्यावर घेतले असते. पण एसटीतून उतरून बराच वेळ उभा होतो, गुडघ्यांत कळ होती, मागे रांग होती. भांडायलाही सांध्यांची साथ लागते. मी अंगठा दिला.

वॉर्ड

सकाळी सुंठीचे कोमट पाणी. मग हात बुडवायला गरम पाण्याचे घमेले. ते घमेले ही त्या जागेतली सर्वांत मोठी दया होती. त्यात बोटे हळूहळू उलगडत, आणि शेजारच्या खाटांवरच्या माणसांची तोंडेही. मग तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने शेक. जेवणात मूग आणि भात; ताक नाही, दही नाही, रात्री जडान्न नाही. तिथल्या परिचारिकेने माझ्या चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड करून दिला. घरी कोणी आमवाताचा रुग्ण असेल तर आजच तेवढे करा. माणूस स्वतःच्या हाताने जेवला की निम्मा आजार विसरतो.

प्रकल्पाचे रोजचे काम मृणाल नावाच्या कंत्राटी वैद्य पाहत. पहिल्याच दिवशी त्यांनी निळ्या कापडावर माझे हात ठेवून छायाचित्रे घेतली. माझ्या डाव्या करंगळीला नख नाही. अभिलेख कक्षातल्या लोखंडी कपाटाच्या दाराने ते कायमचे नेले. त्यांनी विचारले, मी सांगितले. “म्हणजे काका, हे हात हरवले तरी सापडतील,” त्या म्हणाल्या. तेव्हा दोघेही हसलो.

कॅप्सूल दोन वेळा जेवणानंतर, प्रत्येकाच्या नावाच्या बाटलीतून.

आणि इथे गयाबाई आली.

गयाबाई खर्ड्याकडची. ऊसतोडीच्या टोळीत हयात गेलेली. कोयता धरून धरून हात राठ झालेले, आणि त्याच हातांना आमवात. जेवणाची ओसरी स्त्री-पुरुषांना एकच होती. तिथे ती माझ्यासमोर बसे. तिने पहिल्याच दिवशी कॅप्सूल दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

“दादा, ह्ये पिलॅस्टिक गिळून काय व्हनार? औषीद जिबंला लागाया पायजे.”

“गयाबाई, गिळायला सांगितलंय.”

“सांगनाऱ्याचं काय जातंय? त्यांचं सांधं थोडंच दुकत्यात?” तिने दाताने कॅप्सूल उघडली, पूड तळहातावर घेतली, चाटली आणि तोंड वाकडे केले. “आगं आई! कडूजहर! ह्येला म्हनत्यात औषीद.” मग माझ्याकडे हात पसरला. “तुमचं बगू.”

माझी कॅप्सूल उघडली. तिने बोटाने पूड जिभेला लावली, आणि सबंध ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आरं द्येवा! ह्ये तर फुटान्याचं पीठ हाय! दादा, कोर्टात काम केलेल्या मानसाला बी फसीवलं की ह्यांनी!”

सगळ्यांनी आपापल्या कॅप्सूल फोडल्या. काही कडू निघाल्या, काही पिठासारख्या. पिठाचे धनी हिरमुसले. मी त्यांपैकी एक.

गयाबाईने क्षणभर विचार केला. मग फडताळातून स्टीलचा रिकामा डबा आणला. “आमच्या टोळीत कसं असतंय, मुकादमानं कुनाला काय बी देवू, पालावर आलं की समद्यांचं येक. कुनाचं ताट रिकामं ठिवायचं न्हाई. आना बाटल्या.”

बाटल्या रिकाम्या झाल्या. डबा हलवला गेला. त्यानंतर रोज दोन्ही वेळेला गयाबाई त्या डब्यातून मुठीने काढून सर्वांना समान वाटप करी. वाट्याला जे येईल ते. वॉर्डातून घरी गेल्यावरही, महिन्याच्या तपासणीला आम्ही सगळे त्याच दिवशी येत असू, आणि सायकल स्टँडच्या पत्र्याखाली नव्या बाटल्या त्याच डब्यात ओतून वाटणी होई.

मी हे सर्व डोळ्यांनी पाहिले आणि माझा वाटा घेतला. न्यायाच्या दृष्टीने मला त्यात खोट दिसली नाही. काहींना औषध आणि काहींना पीठ, हाच मला अन्याय वाटत होता. कारण ते तसे का असते, हे सांगणारा कागद माझ्या अंगठ्याखाली गप्प पडून होता.

मृणालबाईंचे स्टूल

होळीच्या आठवड्यातल्या तपासणीत मी मृणालबाईंना रोखठोक विचारले, “काही रुग्णांना तुम्ही पीठ का देता?”

त्या थबकल्या. मग नीट, शांतपणे सांगितले. औषधाने फरक पडतो की नुसत्या काळाने, विश्रांतीने, विश्वासाने, हे कळायचे तर निम्म्या लोकांना औषध नसलेली, तशीच दिसणारी कॅप्सूल द्यावी लागते. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नसते, त्यांनाही नसते. ती यादी बंद असते आणि शेवटी उघडतात. “हे सगळं संमतीपत्रात आहे, काका. मराठीत.”

“मला वाचून दाखवलं नाही. अंगठा घेतला.”

“पण तुम्हाला कसं काय कळलं, की पीठ...?”

मी डब्याची हकीकत सांगितली.

त्या स्टूल ओढून बसल्या. आधी त्यांना हसू फुटले, अगदी अनावर. मग ते हसू ओठांवर असतानाच डोळे भरले. “गयाबाईंनी माझा अख्खा प्रकल्प कालवून टाकला,” त्या म्हणाल्या. “आणि चूक त्यांची नाहीच. आम्ही सांगितलंच नाही.”

त्याच दिवशी त्या मुख्य संशोधकांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा बदललेला होता. “सर म्हणाले, चालू द्या. आता थांबवलं तर अनुदान परत जाईल आणि पुन्हा मिळायचं नाही.”

मी स्वतः मुख्य संशोधकांना लेखी कळवले. सुलभेने लिहिले, मी सांगितले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. आजही मिळालेले नाही.

उतार

पावसाळ्यात एका सकाळी मी कुलूप उघडले.

नेहमीसारखीच किल्ली घातली आणि ती फिरली. मी दार लोटून आत गेलो नाही. पुन्हा बंद केले, पुन्हा उघडले. सुलभा ओसरीवर येऊन उभी राहिली. “अहो, चोर असाल तर आत या, घरमालक असाल तर ते कुलूप मोडू नका,” ती म्हणाली आणि आत पळाली, कारण तिला रडू माझ्यासमोर नको होते.

मी बरा झालो. पूर्ण नव्हे, पण माझा मला सावरता येण्याइतका. हे कशाने झाले? एका मिळकतीवर तीन दावेदार आहेत. पहिली, रविवारची गोळी, जी मी एकदाही चुकवली नाही. दुसरी, डब्यातली कॅप्सूल, जी कधी कडू होती, कधी पीठ. तिसरा, शेक, पथ्य आणि वॉर्डातली विश्रांती. तिघांपैकी कोणाचाही दावा मी आजवर मंजूर केलेला नाही, कारण पुरावा नाही. आणि पुरावा गोळा करण्यासाठीच तर सरकारने पैसा दिला होता!

विसर्जनानंतरच्या गुरुवारी तपासणीला गेलो तर वॉर्डाला कुलूप. मृणालबाईंचे कंत्राट संपलेले. पायरीवर गयाबाई बसलेली, पहाटेची एसटी धरून खर्ड्याहून आलेली, डबा मांडीवर.

“दादा,” ती हळू आवाजात म्हणाली, “आपल्या डब्यामुळं बंद पाडलं व्हय?”

“नाही, गयाबाई. पैसे आले नाहीत म्हणतात.”

“म्हनत्यात. पर खरं काय हाय?”

मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले. ती उठली, डबा पिशवीत ठेवला. “मंग ईचारा की कुनाला तरी. तुमाला लिवाया येतंय.” तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले. “औंदा कोयता धरवंल वाटतंय. कशानं, त्येवढं कळलं आसतं तर बरं झालं आसतं.”

एवढा नेमका प्रश्न खात्यातल्या कोणी आजवर विचारल्याचे मला माहीत नाही.

वैशाली

माझी मुलगी वैशाली नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काम करते. बारीक वायरींचे जोड लावायचे काम. डोळे आणि बोटे दोन्ही हवीत. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या बोटांची पेरे सुजली. मी ती सूज फोनवरच्या छायाचित्रात पाहिली आणि ओळखली. त्याच डॉक्टरबाई, तोच तपास, तोच आजार, तीच आठवड्याची गोळी.

ती गोळी तिला सोसेना. मळमळ होई. तरी घेत होती. आणि नवरात्रात तिचा फोन आला. आवाज उजळलेला.

“अप्पा! तुमचे हात लागलेत मेळाव्यात! एवढाल्या फ्लेक्सवर! करंगळी बघूनच ओळखलं मी. खाली लिहिलंय, आमवातावर आयुर्वेदाचा विजय, शासनाच्या संशोधनाला यश.”

मी म्हणालो, “ते संशोधन पूर्णच झालं नाही.”

“पण हात तर तुमचेच आहेत ना?”

शेजारच्याच स्टॉलवर कोणी खासगी विक्रेता तसल्याच कॅप्सूल विकत होता, आणि फलकाकडे बोट दाखवत होता. वैशालीने त्या घेतल्या आणि रविवारची गोळी बंद केली. मला सांगितले ते दोन-तीन रविवार उलटून गेल्यावर.

मी तिला फोनवर ओरडलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अप्पा, तुम्ही ते घेतलं आणि बरे झालात. मला मात्र नाही म्हणता. का?”

“मी काय घेतलं हे मला माहीत नाही!”

“सरकारला माहीत आहे. त्यांनी लावलंय.”

सुलभेनेही तिचीच बाजू घेतली. “अहो, तुम्हाला गुण आला, तो पोरीला का नको? तुमचं भांडण सरकारशी. त्यात तिला कशाला ओढता?” आमच्या घरात त्या दिवसांत जेवणे झाली, पण बोलणी झाली नाहीत. मला माझ्याच हातांनी खोटे पाडले होते. जो बाप मुलीला सांगत होता की गोळी सोडू नकोस, त्याचेच हात गावभर सांगत होते की सोड.

संक्रांतीपर्यंत वैशालीचे उजवे मनगट फुगून तिरके दिसू लागले. कारखान्याने तिला वायरींवरून उठवून खोके बांधण्याच्या कामावर टाकले.

फलकासमोर

त्यानंतर महिन्याभरात मेळावा पुन्हा भरला. त्याच मैदानावर, त्याच फलकासह. मी गेलो. वैशालीही आली. मला आवरायला, हे ती नंतर म्हणाली.

स्टॉलवर खात्याचे एक अधिकारी होते. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “हे हात माझे आहेत.”

त्यांनी हात पाहिले, फलक पाहिला, करंगळी पाहिली. चेहरा खुलला. “अरे वा! काका, तुम्हीच का ते! या, या. अरे, फोटो काढा रे!”

“फोटो नको. तुमचा प्रकल्प पूर्ण झाला का?”

“तुम्हाला बरं वाटलं ना?”

“मी विचारलं ते वेगळं आहे. बंद यादी उघडली का? मी कोणत्या गटात होतो?”

“काका, आता त्याचं काय करायचंय? बरे झालात, आनंद माना.”

गर्दी जमली होती. कोणीतरी मागून ओरडले, “आजोबा, बरं झाल्यावर पेढे वाटतात, भांडत नाहीत!” लोक हसले. मीही हसलो असतो. पण तेवढ्यात वैशाली माझ्या बाजूला आली आणि तिने आपला उजवा हात माझ्या हाताशेजारी टेबलावर ठेवला.  हसणे थांबले. अधिकारी ते मनगट पाहत राहिले आणि मग त्यांनी नजर फलकाकडेही नेली नाही, माझ्याकडेही नाही. ती नेली मंचाकडे, जिथे मुख्य संशोधकांच्या गळ्यात हार पडत होता.

मी मंचापर्यंत गेलो. त्यांनी मला ओळखले. “अर्ज करा,” म्हणाले.

“केलेत.”

“मग उत्तर येईल.” आणि ते माइककडे वळले.

एक खरे उत्तर

घरी येऊन मी मृणालबाईंचा नंबर शोधला. आता त्या दुसऱ्या गावी स्वतःचा दवाखाना चालवतात. फोन स्पीकरवर ठेवला. वैशाली समोर बसली होती.

“बाई, एकच प्रश्न. त्या औषधाने गुण येतो की नाही?”

 “मला माहीत नाही, काका. आणि त्यांनाही माहीत असणं शक्य नाही. डबा एक झाला होता, प्रकल्प अर्ध्यात थांबला होता. नव्याने करायला हवा. मी तेव्हाही म्हटलं, नव्याने करा, नीट सांगून करा. पैसे नाहीत म्हणाले.” मग किंचित कडवट हसल्या. “फ्लेक्सला होते बहुतेक.”

वैशाली पुढे सरकली. “मॅडम, मी त्यांची मुलगी. मी काय करू?”

“डॉक्टरांची गोळी सोडू नका. मळमळतं हे त्यांना सांगा, त्यावर उपाय असतो. पथ्य, शेक, सुंठ मी सांगते, त्याला कोणी नाही म्हणणार नाही. माझ्या औषधावर माझा विश्वास आहे, अजूनही आहे. पण माझ्या विश्वासावर तुम्ही तुमचं मनगट लावू नका.”

फोन ठेवल्यावर वैशाली म्हणाली, “अप्पा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माहीत नाही म्हणालं.” रविवारी तिने गोळी घेतली. डॉक्टरबाईंनी मळमळीवर उपाय केला. सूज उतरली. मनगट जेवढे वाकले तेवढे वाकलेच. ती अजून खोके बांधते.

मागणी

ज्यांना हा आजार आहे त्यांना माझे सांगणे थोडे आहे. चालू औषध कोणाच्या छायाचित्राकडे पाहून बंद करू नका, माझ्या तर नाहीच नाही. संशोधनात जरूर सहभागी व्हा, पण अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या. पाय दुखत असतील तर बसून वाचून घ्या. रांग थांबेल.

आणि खात्याला व मुख्य संशोधकांना माझे सांगणे असे. परंपरागत औषधांच्या संशोधनावर सरकारने पैसा दिला याला माझा आक्षेप नाही. तो अर्ध्यात तोडला, आणि अर्धवट कामाचा विजयोत्सव केला, याला आहे. तुम्ही आयुर्वेदाचे मित्र म्हणवता. मित्राला परीक्षेच्या मांडवातून उठवून आणायचे आणि बाहेर येऊन तो पहिला आला म्हणून हार घालायचे, ही मैत्री नव्हे. त्या औषधात खरेच गुण असेल तर तुम्ही तो गाडलात. नसेल तर तुम्ही माझ्या मुलीला फसवलेत. यातले कोणते केलेत, हेही तुम्हाला ठाऊक नाही.

उत्तर मला पोस्टाने नको. पोच तर मुळीच नको. येत्या मेळाव्यात, त्याच मंचावर, त्याच माइकवर मुख्य संशोधकांनी लोकांना सांगावे: प्रकल्प पूर्ण झाला का, यादी उघडली का, औषधाने गुण आला का. सांगता येत नसेल तर मृणालबाईंनी एका फोनवर जे म्हटले ते म्हणावे: ‘आम्हाला माहीत नाही.’ आणि त्यानंतर सांगावे की ते माहीत करून घेण्यासाठी पैसा कधी देणार.

मी समोर बसलेला असेन. खर्ड्याहून गयाबाई येणार आहे, तिला डब्याचे उत्तर हवे आहे. वैशाली येणार आहे. तोवर तो फलक उतरवा. ते हात माझे आहेत आणि मी साक्ष दिलेली नाही.

माइक चालू करा आणि बोला.